नकाशावर देश, गावात कोणीच नाही

सार्वभौमत्वाची व्याख्या आमची मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. प्रदेश, लोकसंख्या, शासन आणि बाहेरच्या कुणाचा हुकूम न चालणं. उर्दू माध्यमात हाच शब्द 'इक़्तिदार-ए-आला' म्हणून येतो. पण एकदा नववीतल्या मुलीनं विचारलं, "सर, गाव आपल्या देशाचं आहे, पण सरकारला तिथं पोचताच येत नाही, असं झालं तर?" मी फळ्यावर कूचबिहारचा नकाशा काढायला घेतला.

पश्चिम बंगालच्या उत्तरेला भारत-बांगलादेश सीमेवर २०१५ पर्यंत भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात होते आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे भारताच्या पोटात. त्यांना छिटमहल म्हणत. राजा आणि फौजदार बुद्धिबळात गावं हरले म्हणून असं झालं, अशी गोष्ट तिकडे सांगतात. खरं कारण साधं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल आणि कूचबिहारचा राजा यांच्यात तह झाला, तेव्हा ज्याच्या ताब्यात जी गावं होती ती त्याच्याकडेच राहिली. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही, लोक इकडून तिकडे जात-येत होते. १९४७ ला रंगपूर पाकिस्तानात गेलं, १९४९ ला कूचबिहार भारतात आलं आणि जुन्या महसुली हद्दी दोन देशांच्या सरहद्दी झाल्या.

एक तुकडा तर फळ्यावर काढतानाही हात अडखळतो. दहाला खागराबाडी हे भारताचं छोटंसं शेत. त्याच्याभोवती बांगलादेशाचं गाव, त्या गावाभोवती भारताचं गाव आणि त्याच्याभोवती पुन्हा बांगलादेश!

आता त्या मुलीचा प्रश्न. भारताच्या छिटमहलात जायचं तर भारतीय पोलिसाला दुसऱ्या देशाची जमीन ओलांडावी लागणार. परवानगीशिवाय ओलांडली तर तो त्या देशाच्या सार्वभौमत्वाचा भंग. म्हणजे शेजाऱ्याचं सार्वभौमत्व मानलं की आपलं तिथं चालवताच येत नाही. म्हणून ना ठाणं, ना सरकारी शाळा, ना रेशन, ना विजेचा खांब. चोरी झाली, खून झाला, तर तक्रार कुठं द्यायची? बाहेर पडायला पासपोर्ट-व्हिसा हवा, आणि ते काढायला जायचं म्हणजे आधी बेकायदा सरहद्द ओलांडायची.

भारताच्या पोटातल्या बांगलादेशी गावांचीही हीच गत. तिथले लोक मुलांना भारतीय शाळेत घालताना ओळखीच्या भारतीय माणसाचं नाव बाप म्हणून लिहीत. बाळंतिणीला दवाखान्यात नेलं तर नवऱ्याच्या जागी दुसऱ्याचं नाव. दरवर्षी जूनमध्ये मी प्रवेशाचे अर्ज भरून घेतो. सख्ख्या बापानं समोर बसून दुसऱ्याचं नाव सांगायचं, या विचारानं काटा येतो अंगावर.

तोडगा निघायला इतकी वर्षं का लागली? १९६० मध्ये बेरुबाडी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की देशाची जमीन दुसऱ्याला द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी करार केला. बांगलादेशानं तो लगेच मंजूर केला, आपल्याकडे अडला. हिशेब सरळ होता: १७,१६० एकर द्यायचे, ७,११० एकर घ्यायचे. 'जमीन चालली' असं म्हटल्यावर कुठलं सरकार हात घालणार? जी जमीन आपण कधी चालवलीच नाही, तिच्यासाठी चाळीस वर्षं माणसं अडकून राहिली. अखेर मे २०१५ मध्ये संसदेनं शंभरावी घटनादुरुस्ती केली.

३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली. २०११ च्या संयुक्त मोजणीत दोन्हीकडे मिळून ५१,५४९ माणसं होती. कुठलं नागरिकत्व हवं, हे त्यांना विचारलं गेलं. भारताच्या पोटातल्या गावांतून कुणीही बांगलादेशात गेलं नाही, सगळे भारतीय झाले. तिकडच्या ३७ हजारांपैकी हजारहून कमी लोक भारतात आले. त्यात हिंदू जास्त, पण मुसलमानही होते. बाकीच्यांनी जिथं घर, शेत आणि कबरस्तान तिथंच राहणं पसंत केलं.

नागरिकत्व मिळालं, पण जुन्या कागदांचं काय? शाळेच्या दाखल्यावर बाप म्हणून एकाचं नाव आणि घरात बाप दुसराच, असे दाखले हातात घेऊन तिथली पोरं पुढं कचेऱ्यांच्या रांगेत उभी राहिली.