तीन फुटांचा दिमाख: केबिन रोडवरच्या दारांच्या गमतीजमती

केबिन रोड म्हणजे भाईंदर पूर्व. संध्याकाळी लोकलमधून उतरलेली गर्दी, भाजीच्या गाड्या, रिक्षांचे हॉर्न आणि हे सगळं ओलांडून एकदाचा आपला जिना. वर गेलं की मजल्यावर चार दारं समोरासमोर. एकावर आंब्याची पानं, दुसऱ्यावर आरशांचं कच्छी तोरण आणि ‘शुभ-लाभ’, तिसऱ्यावर ‘जय जिनेंद्र’, चौथ्यावर येशूची तसबीर नाहीतर अरबी अक्षरांतलं सुवचन. वन आरके असो की टू बीएचके, दाराशी मिळणारी जागा जवळपास सारखीच: तीन फुटांचं दार आणि आत दोन पावलं. पण तेवढ्यात इतिहास, भूगोल, कायदा आणि वर चिमूटभर रसायनशास्त्र कोंबलेलं आहे. विश्वास नाही बसत? मग चपला काढा आणि या आत.

झेंडू मेक्सिकोचा, मिरचीही तिकडचीच

दसऱ्याला ज्याच्याशिवाय दार ओकंबोकं वाटतं तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणात, त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात. पूर्वजांना घर सापडावं म्हणून! लिंबासोबत ओवतो ती मिरचीही अमेरिका खंडातलीच. ही दोन्ही आपल्याकडे रुजली ती पोर्तुगीजांच्या काळात, आणि पोर्तुगीज काही लांब नव्हते. खाडीपलीकडचा वसईचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याच ताब्यात होता. लिंबू तेवढं आपल्या बाजूचं. त्याचं मूळ ईशान्य भारत आणि म्यानमारच्या पट्ट्यात धरतात.

आणि लिंबू-मिरची दाराबाहेरच का? लोकसमजूत अशी, की अलक्ष्मीला आंबट-तिखट फार आवडतं. ते दारातच मिळालं की ती आत पाऊल टाकत नाही. म्हणजे पाहुणचारही झाला आणि परस्पर बोळवणही.

तोरण बांधायचं तंत्र

आंब्याचं पान जाड असतं, सुकलं तरी लगेच चुरा होत नाही, म्हणून तोरणाला तेच बरं पडतं. पान देठाकडून दुमडायचं, दुमडीतून दोरी घालायची आणि हिराची काडी टोचून टाका पक्का करायचा. मग झेंडू, मग पुन्हा पान. मधलं पान थोडं खाली लोंबू द्यावं, पण उंच पाहुण्याच्या कपाळाला लागता कामा नये.

कोकणातून आलेल्या घरांत दसऱ्याच्या सुमाराला ‘नवं’ बांधतात. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचा तुरा आणि झेंडू यांची घट्ट जुडी दारावर चढते, ती पुढचं नवं येईपर्यंत तिथेच. शेत गावाला आणि फ्लॅट भाईंदरला असला तरी पीक आल्याची वर्दी दारावर लागतेच.

टीप: दर सणाला चौकटीत नवा खिळा ठोकू नका. दोन्ही कोपऱ्यांत कायमचे दोन छोटे हुक लावा. तोरण, आकाशकंदिलाची वायर, नाताळचा तारा, सगळ्यांची सोय होते.

दारावर नाव घालायची हौस दोन हजार वर्षांची

सांचीच्या स्तूपाची दगडी तोरणं साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. दक्षिणेकडच्या तोरणावर सातवाहन राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. विदिशाच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे काम केल्याची नोंदही तिथेच. सातवाहनांची राजधानी म्हणजे आपलं पैठण; तेव्हा पाटी लावायच्या हौसेत आपला हात जुनाच आहे.

आजची पाटी मात्र बदलते आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या बाळाच्या नावात, सरकारी कागदांवर, वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. त्याआधी २०२१ मध्ये राज्याने बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत दिली. कागदावर घर तिचं आणि दारावर पाटी फक्त त्याची, असं असेल तर या दिवाळीत पाटी बदलाच. अक्षरं मोठी आणि ठळक ठेवा. सोनेरीवर सोनेरी नक्षी फोटोत छान दिसते, पण पार्सल घेऊन आलेल्या पोराला अंधाऱ्या पॅसेजमध्ये वाचता येत नाही.

उंबरठा: कथेतली सर्वांत हुशार जागा

हिरण्यकशिपूला वर होता: मरण घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको. नरसिंहाने वेळ गाठली संध्याकाळची आणि जागा धरली उंबरठ्याची. पळवाट कशी शोधावी याचा पहिला धडा इथलाच!

व्यवहारात उंबरठ्याचं काम साधं: केर, विंचूकाटा आणि पाणी बाहेर ठेवणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेव्हापासून मुंबई परिसरातल्या तळमजल्यांवर उंच करून घेतलेले उंबरठे जागोजाग दिसतात. वरच्या मजल्यांवर मात्र ग्रॅनाइटची बारीक पट्टी पुरते. घरात आजी-आजोबा असतील तर पट्टीचा रंग फरशीहून वेगळा घ्या. सारख्या रंगाची पट्टी दिसत नाही आणि ठेच हमखास लागते.

चिमटीतली पूड

पांढरी रांगोळी म्हणजे शिरगोळ्याच्या मऊ दगडाची पूड. कोकणात भाताच्या तुसाची राख करूनही रांगोळी करत. शेजारच्या तमिळ घरातलं कोलम मात्र तांदळाच्या पिठाचं, त्यामुळे तिथे मुंग्यांचीही पंगत उठते. चैत्रात आपल्याकडे चैत्रांगण येतं: शंख, चक्र, गदा, पाळणा, तुळशीवृंदावन, कासव, सूर्य, चंद्र, सगळं एकाच रांगोळीत.

रेघ सुबक येते ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून पूड एकसारखी सुटली तर. हात जमिनीपासून दोन बोटं वर आणि मनगट सैल ठेवलं की ती आपोआप सुटते.

टीप: पॅसेजमध्ये काढलेली रांगोळी पहिल्या झाडूला जाते. फूटभर रुंदीचा लाकडी पाट घ्या, गेरू लावा आणि त्यावर रांगोळी काढा. सकाळी बाहेर, रात्री आत. झाडणाऱ्या मावशीही खूश.

चपलांचा खटला

सोसायटीच्या सभेत गळतीनंतर सर्वाधिक भांडणं कशावरून होतात? बाहेर ठेवलेल्या चपलांच्या रॅकवरून! यात कायदा पॅसेजच्या बाजूने आहे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्याखाली इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. सुटकेची वाट मोकळी ठेवणं हा त्या सुरक्षेचा पाया. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तर सामाईक जागा अडवणाऱ्याला मासिक देखभाल खर्चाच्या पाचपट आकारणीची तरतूद आहे. जिन्यात धूर भरला, की हाताला रॅक लागतं आणि पायाला चप्पल. वाट सापडत नाही.

मग चपला ठेवायच्या कुठे? दाराच्या आत, भिंतीला चिकटून, वरून पुढे कलणाऱ्या झडपांचं उभं कपाट बसवा. ते जेमतेम वीतभर खोल असतं आणि वरची फळी किल्ल्या-पाकिटांना होते. झडपांना हवेसाठी भोकं हवीतच, नाहीतर जुलैत बुरशी धरते.

जपानी माणसं यात आपले भाऊबंद. त्यांच्या घरात शिरताच थोडी खोलगट जागा असते. जोडे तिथेच काढायचे आणि टोकं दाराकडे करून ठेवायचे, म्हणजे निघताना पाय थेट आत. लोकल पकडायच्या घाईत असलेल्या भाईंदरकरांनी ही युक्ती उचलायला हरकत नाही.

आणि कोल्हापुरी? भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोघांचं मिळून आहे, दोन्हीकडचे चार-चार जिल्हे. जून २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि श्रेय न दिल्याबद्दल बोलणी खाल्ली. तुमची जोडी मात्र पावसाळ्यात कागदात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवा. कातड्याला ओल सोसत नाही.

पायपुसण्याचा अमेरिकी कारखानदार

काथ्याचं पायपुसणं म्हणजे केरळची खासियत. पण अलप्पुळ्यात काथ्याचा पहिला कारखाना १८५९ मध्ये काढला तो जेम्स डॅरा या अमेरिकी माणसाने, हेन्री स्मेलच्या साथीने. काथ्या खरखरीत, त्यामुळे चिखल खरवडून काढतो. सुती पायपुसणं पाणी टिपतं. म्हणून पावसाळ्यात दोन्ही हवीत: काथ्याचं बाहेरच्या बाजूला, सुती आत. आणि दार त्यावरून अडखळत नाही ना, हे विकत घेण्याआधी बघा.

जाळीचं दार आणि खारा वारा

मुंबईकडच्या फ्लॅटला दारं दोन: लाकडी मुख्य दार आणि बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर. दुपारी लाकडी उघडं, जाळीचं बंद. वारा आत, मांजर बाहेर, आणि शेजारणींच्या गप्पा जाळीतूनच. पहाटे याच जाळीच्या कडीला कापडी पिशवी लटकते. दूधवाला बेल न वाजवता पिशव्या टाकून जातो आणि पेपर सळ्यांमध्ये खोचलेला सापडतो. घराच्या दारात याच्याइतकं राबणारं दुसरं काही नाही.

पण बाजूला खाडी, भोवती मिठागरं. साध्या लोखंडाला खारा वारा लवकर खातो. भाईंदर पूर्व स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. तेव्हा धातूची परीक्षा इथल्या लोकांनी तरी चुकवू नये. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, म्हणून ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं आणि महागही पडतं. जेसल पार्कच्या खाडीकाठी राहत असाल तर विचार करा. बाकीच्यांना ३०४ आणि अधूनमधून ओलं फडकं पुरे.

‘टिंग’ वेगळं, ‘टाँग’ वेगळं

विजेची घंटा जोसेफ हेन्रीने १८३१ मध्ये करून दाखवली. टिंग-टाँग बेलची गंमत आणखी सोपी. बटण दाबलं की विद्युतचुंबक दांडी खेचतो, ती एका पट्टीवर आपटते: टिंग. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे ढकलते आणि दुसरी पट्टी वाजते: टाँग. बटण दाबून धरलं तर टाँग येतच नाही. आता घरातलं पोर हे करून बघणार, तेव्हा बटण त्याच्या हाताला लागेल एवढ्या खाली बसवू नका.

कुलूप लावणारे, न लावणारे

१८९७ मध्ये आर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. याच महाराष्ट्रात शनिशिंगणापूर आहे, जिथे परंपरेने घरांना चौकट असते, पण दाराची फळी नसते. २०११ मध्ये तिथे यूको बँकेची शाखा उघडली, तीही नेहमीच्या कुलपाशिवाय. लंडनच्या १० डाउनिंग स्ट्रीटचं दार याच्या उलट: त्याला बाहेरून किल्लीचं भोकच नाही, आतल्या माणसानेच उघडायचं.

आपण शिंगणापूरचेही नाही आणि पंतप्रधानही नाही, तेव्हा किल्ल्या अडकवायला हुक हवेतच. वारली चित्रांचे खुंटीफलक सध्या जोरात आहेत. ती कला इथून जवळच्याच पालघर जिल्ह्याची: पूर्वी लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फलक घ्यायचाच तर वारली कलाकाराने हाताने रंगवलेला घ्या.

मान वाकवणारं दार

पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला अणकुचीदार खिळे आहेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. त्याच दारात एक छोटी दिंडी आहे. तिच्यातून एका वेळी एकच माणूस जातो, तोही वाकून. शत्रू असेल तर सोपा सापडतो, पाहुणा असेल तर आपोआप नमस्कार होतो. फ्लॅटमध्ये दिंडीचं काम दारातलं भिंग करतं. ते रुंद कोनाचं असल्यामुळे अख्खा पॅसेज दिसतो आणि पाहुण्याचं नाक मात्र बटाट्याएवढं.

जाता जाता, झटपट

• हालचाल टिपणारा दिवा दाराच्या आत लावा. हातात पिशव्या असताना बटण चाचपावं लागत नाही.
• ओल्या छत्र्यांसाठी अरुंद स्टीलची बादली. दर आठवड्याला पाणी ओतून टाका, नाहीतर डासांना आयतं घर.
• आरसा हवा, पण दाराच्या बाजूच्या भिंतीवर. जागा मोठी वाटते आणि निघताना टिकली, भांग, आयकार्ड एका नजरेत तपासता येतं.
• बसून बूट घालायला एक घडीचा पाट भिंतीला. आजोबा दुवा देतील.
• एकच शोभेची वस्तू ठेवा: पाण्यात फुलं तरंगणारं पितळी घंगाळं नाहीतर एक कुंडी. दोन झाल्या की येणाऱ्याचा पाय एकीला लागतोच.

शेवटी एक विनंती. पुढच्या सणाला दारासाठी नवं काही आणण्याआधी तीन गोष्टी काढून टाका: फाटकं पायपुसणं, धुळीने माखलेलं प्लॅस्टिकचं तोरण आणि वर्षभर कुणाच्याच पायात न गेलेल्या चपला. सजावटीचं अर्धं काम तिथेच होतं, आणि तेही फुकटात.