सोहोत लॉफ्ट विकणे आहे

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये हाउस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेला सोहो हा जुना भाग आहे. तिथल्या घरांच्या जाहिराती सगळ्या एका साच्याच्या असतात. बारा फुटांवर छत, भिंतभर खिडक्या, मूळचे बिडाचे खांब, उघडी विटांची भिंत, थेट घरात उघडणारी लिफ्ट. अडीच हजार चौरस फुटांच्या अशा एका मजल्याला, म्हणजे लॉफ्टला, चाळीस-पन्नास लाख डॉलर सहज पडतात. गंमत अशी, की या यादीतली एकही गोष्ट राहणाऱ्याच्या सुखासाठी केलेली नव्हती.

छत उंच, कारण खाली माल रचायचा होता. खिडक्या मोठ्या, कारण यातल्या बहुतेक इमारती विजेच्या दिव्यांआधीच्या, आणि शिवणयंत्रावर वाकलेल्या माणसाला दिवसाचा उजेड हवा. लिफ्ट थेट आत उघडते, कारण तिच्यातून कापडाचे गठ्ठे चढत. प्लॉट साधारण २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल, दोन्ही बाजूंना शेजारची इमारत खेटलेली. त्यामुळे उजेड फक्त पुढून आणि मागून. मधला भाग अंधारा. आज त्या अंधारात न्हाणीघर, कपड्यांची खोली आणि ‘होम ऑफिस’ असते. बिनखिडकीच्या खोलीला तिथल्या कायद्याने बेडरूम म्हणता येत नाही, हे त्या ‘ऑफिस’मागचे खरे कारण.

या इमारतींचे दर्शनी भाग दगडी वाटतात, पण ते बिडाचे असतात. कारखान्यात साच्यात ओतायचे, तुकडे गाडीने आणायचे, बोल्ट मारून जोडायचे आणि वर दगडासारखा रंग द्यायचा, असा हा उद्योग होता. कोरीव खांब आणि कमानी स्वस्तात आणि झटपट मिळत. ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची १८५७ ची हॉवाउट इमारत याचा उत्तम नमुना. ती चिनी मातीच्या आणि काचेच्या भांड्यांच्या व्यापाऱ्याने बांधली आणि दर्शनी भाग व्हेनिसमधल्या जुन्या ग्रंथालयावर बेतला. एलिशा ओटिसने आपली वाफेवर चालणारी प्रवासी लिफ्ट पहिल्यांदा तिथेच बसवली. पुढे १९७० मध्ये मार्गो गेल या बाईंनी या इमारतींच्या मित्रांची संस्था काढली. लोकांच्या हातात लोहचुंबक देऊन त्या त्यांना गल्लीबोळांतून फिरवत. चिकटला तर बीड, नाही तर दगड. १९७३ मध्ये शहराने या भागाला वारसा जिल्हा जाहीर केले. तेव्हापासून तिथे पुढची खिडकी बदलायची तरी शहराच्या वारसा आयोगाची परवानगी काढावी लागते.

मधली शंभर वर्षे मात्र हा भाग वारसाबिरसा काही नव्हता. बाहुल्या, चिंध्या, कागद, कपडे, असे छोटे कारखाने मजल्यामजल्यावर होते. दर्शनी भाग लोखंडी असला तरी आतल्या जमिनी लाकडी, त्यामुळे आगी वारंवार लागत. अग्निशमन दलाने या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ असे नाव ठेवले होते. त्यातच रॉबर्ट मोझेस या बड्या नगररचनाकाराला इथून, ब्रूम स्ट्रीटला लागून, दहा पदरी द्रुतगती मार्ग न्यायचा होता. लेखिका जेन जेकब्स आणि स्थानिकांनी वर्षानुवर्षे विरोध केला, तेव्हा १९६९ मध्ये तो बेत कायमचा बारगळला. पण तोवर टांगती तलवार होतीच. उद्या पाडली जाणारी इमारत कोण दुरुस्त करणार? मालकांनी हात आखडता घेतला, कारखाने एकेक करून निघून गेले, भाडी उतरली. आजच्या चढ्या किमतींचा पाया त्या मोडकळीत आहे.

रिकाम्या मजल्यांवर चित्रकार आणि शिल्पकार आले. जागा मोठी, उजेड भरपूर, भाडे नगण्य. राहणे मात्र बेकायदा, कारण जमीन उद्योगासाठी राखलेली. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी इमारतीची हीटिंग बंद, कारण कारखान्याला सुट्टी. घरगुती कचरा उचलायला गाडी येत नसे, म्हणून लोक पिशव्या घेऊन दुसऱ्या वस्तीतल्या डब्यांपर्यंत चालत जात. तपासनीस येणार म्हटले की गादी लपवायची, रात्री खिडक्यांना काळे पडदे लावायचे. १९६१ मध्ये शहराशी तडजोड झाली. इमारतीच्या दारावर ‘एआयआर’ अशी पाटी आणि मजल्याचा क्रमांक लावायचा. अर्थ, ‘इथे कलाकार राहतो’. आग लागली तर वर माणूस आहे हे बंबवाल्यांना कळावे, एवढाच तिचा हेतू.

या काळातला सर्वांत अतरंगी माणूस म्हणजे जॉर्ज मॅचूनस. मूळचा लिथुआनियाचा, फ्लक्सस या कलाचळवळीचा म्होरक्या. त्याने १९६७ पासून रिकाम्या इमारती घेऊन कलाकारांच्या सहकारी सोसायट्या काढल्या. ८० वूस्टर स्ट्रीट ही त्यातली गाजलेली. कागदपत्रे आणि परवाने यांच्याशी त्याचे हाडवैर. नियम डावलून शेअर विकल्याबद्दल सरकारी वकील मागे लागले, तेव्हा त्याने दाराला पात्यांची व्यवस्था करून अधिकाऱ्यांना थोपवले म्हणतात. १९७५ मध्ये पैशांच्या वादातून एका इलेक्ट्रिक ठेकेदाराच्या माणसांनी त्याला मारले, त्यात त्याचा एक डोळा गेला. सोहोच्या दरवाढीचा आद्य प्रवर्तक म्हणून त्याचे नाव घेतात, आणि तो स्वतः १९७८ मध्ये वारला तेव्हा त्याच्या गाठीला फारसे काही नव्हते.

डोनाल्ड जडचे वेगळे. या शिल्पकाराने १९६८ मध्ये १०१ स्प्रिंग स्ट्रीट ही १८७० ची पाच मजली इमारत अख्खी विकत घेतली, सत्तर हजार डॉलरच्या आत. त्याने ती कापली नाही. एक मजला जेवायला, एक कामाला, एक झोपायला, असा हिशेब. सर्वांत वरच्या मजल्यावर जमिनीलगत बसका लाकडी पलंग आणि भिंतीला लागून डॅन फ्लॅव्हिन या कलाकाराच्या दिव्यांची रांग, बाकी बहुतेक रिकामे. २०१३ पासून ती पाहायला खुली आहे. रिकामे सोडलेले चौरस फूट ही शोभेची वस्तू होऊ शकते, हे श्रीमंतांना इथून कळले असावे.

१९७१ मध्ये शहराने सोहोत राहणे कायदेशीर केले, पण फक्त कलाकारांना. आणि कलाकार कोण, हे शहराच्या सांस्कृतिक खात्याने ठरवायचे. चित्रकार, शिल्पकार, संगीतकार, नृत्यदिग्दर्शक, चित्रपटकार यांनी कामाचे नमुने द्यायचे, एवढ्या जागेची गरज का ते पटवायचे आणि दाखला मिळवायचा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो आणि मग बड्या बड्या मंडळींची नावे सातबाऱ्यावर निघतात, तोच प्रकार. सोहोतही वकील, दलाल, बँकवाले येऊन राहिले आणि शहराने बहुतेक वेळा काणाडोळा केला. समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांनी १९८२ च्या ‘लॉफ्ट लिव्हिंग’ या पुस्तकात हा सगळा व्यवहार उलगडला. कलाकारांची राहणी मध्यमवर्गाला हवीहवीशी वाटू लागली की ती विकता येते, हे त्यांचे म्हणणे कुणीही कोणत्याही जाहिरातीशी ताडून पाहावे.

त्याच वर्षी राज्याने लॉफ्ट कायदा केला. पदरमोड करून नळ, वायरिंग, स्वयंपाकघर केलेल्या भाडेकरूंना त्याने संरक्षण दिले आणि मालकांना इमारती राहण्यायोग्य करायला भाग पाडले. केलेल्या सुधारणा पुढच्या भाडेकरूला विकण्याचा हक्कही दिला. मुंबईच्या पागडीशी याचे नाते लावायचा मोह होतो; फरक एवढाच, की तिथे सिंकची किंमत लिहून द्यावी लागते.

अजूनही न विकलेला एक मजला सांगायलाच हवा. १४१ वूस्टर स्ट्रीटच्या दुसऱ्या मजल्यावर ३,६०० चौरस फुटांत २२ इंच उंचीची माती पसरलेली आहे. वॉल्टर डी मारियाने १९७७ मध्ये केलेली ही कलाकृती एका प्रतिष्ठानाने सांभाळली आहे. मातीला पाणी घालतात, दंताळे फिरवतात. काचेच्या कठड्याबाहेरून ती फुकट पाहता येते. तेवढ्या जागेचा आजचा भाव कुणी काढायला जाऊ नये.

आता विक्रीचे. डिसेंबर २०२१ मध्ये शहराने सोहोचे नियोजन बदलले आणि सामान्य निवासाला वाट करून दिली. कलाकारांसाठी राखलेला लॉफ्ट साध्या घरात बदलायचा असेल, तर चौरस फुटाला शंभर डॉलर एकदाच कलानिधीत भरायचे, असे तेव्हा ठरले. अडीच हजार फुटांचे अडीच लाख डॉलर. रहिवाशांना हे जिझियासारखे वाटले आणि प्रकरण न्यायालयात गेले. ज्यांनी फी भरलेली नाही, त्यांच्या घरावर जुनी अट कायम आहे. म्हणून वकील आधी इमारतीचा भोगवटा दाखला मागवतात. त्यात ‘कलाकारांसाठी राहण्या-कामाची जागा’ असे निघाले, की घेणाऱ्यापुढे तीन वाटा उरतात: घरात कुणी दाखलेवाला कलाकार असणे, फी भरणे, किंवा ‘सोहो लेटर’वर सही करणे. अट मला ठाऊक आहे आणि उद्या काही झाले तर जोखीम माझी, असा त्या पत्राचा मजकूर असतो. बँकेला ते चालेल का, हे आधीच विचारून घेतलेले बरे, कारण काही बँका अशा घरावर कर्ज द्यायला कां-कूं करतात.