रुंद भिंगाचा मोह आणि त्याचे मोल

सप्टेंबरात साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठारावर गेलेल्या बहुतेकांनी एक दृश्य पाहिले असेल. फुले पाहणाऱ्यांच्या गर्दीत एखादा तरुण तिपाईवर तोफेसारखी पांढरी नळी बसवून उभा असतो. फुले पाहून झालेली मंडळी मग त्या नळीकडे पाहू लागतात. कोणी तरी विचारतो, "यातून किती लांबचे दिसते हो?" तरुण नुसता हसतो, कारण प्रश्न चुकलेला असतो. लांबचे दाखवणारे भिंग त्याला पुष्कळ स्वस्तात मिळाले असते. त्याने लाखो रुपये मोजले ते भिंगाच्या लांबीसाठी नव्हे, रुंदीसाठी.

छायाचित्रणाचा नाद लागलेली मुले एक प्रश्न हटकून विचारतात: कर्ज काढावे लागले तरी चालेल, पण असे भिंग घ्यावे का? साताऱ्या-सांगलीकडच्या एखाद्या घरात दहा लाख रुपये म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. मात्र रुंदीने काय मिळते आणि तिच्यापायी काय सोडावे लागते, याचा हिशेब मांडता येतो. तो आज मांडू.

भिंगाची दोन मापे ध्यानात घ्यावयाची. पहिले केंद्रांतर. दूरच्या वस्तूचे किरण भिंगातून जाऊन ज्या अंतरावर एकत्र येतात ते हे अंतर. ते जितके जास्त तितकी प्रतिमा मोठी. ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगात तिळाएवढा दिसणारा पक्षी ४०० मिलिमीटरच्या भिंगात आठपट मोठा उमटतो. दुसरे माप भिंगाच्या तोंडाचे. केंद्रांतराला तोंडाच्या रुंदीने भागले की जो आकडा येतो त्याला एफ-अंक म्हणतात. ४०० मिलिमीटरच्या भिंगाचे तोंड ७१ मिलिमीटर असेल तर एफ-अंक ५.६ येतो, तेच १४३ मिलिमीटर असेल तर २.८ येतो. म्हणजे आकडा लहान तितके तोंड मोठे. नवशिक्याचा घोटाळा होतो तो इथेच. दोन्ही भिंगांतून पक्षी अगदी सारख्याच आकाराचा दिसतो. रुंद भिंग त्याला तसूभरही जवळ आणीत नाही.

मग रुंदीचा उपयोग काय? अंगणात पाऊस पडत असताना एक तांब्या आणि एक परात शेजारी शेजारी ठेवा. पाऊस दोहोंवर सारखाच; पण परातीत पाणी लवकर साठते. तोंडाची रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते, आणि तेवढेच पाणी चौथ्या हिश्शाच्या वेळात मिळते. भिंगाचेही असेच आहे. म्हणूनच छायाचित्रकार त्याला 'फास्ट लेन्स' म्हणतात. ते स्वतः धावत नाही. कॅमेऱ्याचे शटर त्याच्यामुळे झटपट मिटू शकते.

याची किंमत उन्हात कळत नाही. ती कळण्यासाठी कोयनेच्या खोऱ्यात किंवा चांदोलीच्या रानात शिरावे लागते. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला हा मुलूख २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. येथल्या सदाहरित झाडीत आपला राज्यप्राणी शेकरू राहतो. भर उन्हात, १०० आयएसओ संवेदनशीलता ठेवली असता, एफ ५.६ च्या भिंगाला सेकंदाचा ८०० वा भाग पुरतो. दाट सावलीत प्रकाश सहज सव्वाशेपट कमी होतो. मग तेच चित्र घ्यावयास सेकंदाचा सहावा भाग लागतो. संवेदनशीलता १६०० पर्यंत वाढवली तरी शटर १/१०० च्या पुढे जात नाही. या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेणारे शेकरू इतक्या वेळात कितीतरी पुढे सरकते आणि चित्रात तांबूस फराटा तेवढा राहतो. तेथेच एफ २.८ चे भिंग १/४०० देते. शेकरूची झेप थोपवावयास हेही अपुरेच. पण फांदीवर बसून फळ कुरतडणारे शेकरू मान वळवते, तो क्षण यात निश्चित सापडतो. १/१०० आणि १/४०० यांमधला हा फरक म्हणजेच रुंद भिंगाचे सारे आकर्षण.

कोणी म्हणेल, आजचे कॅमेरे अंधारातही पाहतात. संवेदनशीलता आणखी वाढवली म्हणजे झाले! हे बरेचसे खरे आहे. फिल्मच्या काळात ४०० ची फिल्म वेगवान समजली जाई. आज ६४०० वर घेतलेले चित्र छापता येते. तथापि संवेदनशीलता वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. आलेला प्रकाश फक्त मोठा करून दाखवला जातो. प्रकाशही पावसासारखा थेंबाथेंबाने येतो. एका ठिपक्यावर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील तर शेजारच्या ठिपक्यांत दहा-दहाचा फरक सहज पडतो, म्हणजे शेकडा १०. दहा हजार कण पडले तर फरक शंभराचा, म्हणजे शेकडा १. पहिल्या चित्रात शेकरूच्या अंगावर वाळू भुरभुरल्यासारखी दिसते, दुसऱ्यात त्याची लव दिसते. ही वाळू पुसणाऱ्या संगणकीय युक्त्या आता निघाल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. पण वाळू पुसताना कधी लवही पुसली जाते.

जास्त प्रकाशाची ही भूक जुनी आहे. १८४० साली व्हिएन्नाच्या जोसेफ पेत्सव्हाल या गणितज्ञाने हिशेब करून व्यक्तिचित्रांसाठी एक भिंग योजले. आधीच्या भिंगांच्या मानाने ते पंधरा-वीसपट प्रकाश घेई. तोवर फोटोसाठी मिनिटेच्या मिनिटे पुतळ्यासारख्या बसणाऱ्या माणसांची त्याने सुटका केली. १८९१ च्या सुमारास लंडनमध्ये टॉमस डालमायर आणि जर्मनीतही काही जण दुसऱ्याच अडचणीवर तोडगा काढीत होते. लांब केंद्रांतराचे भिंग तितकेच लांब होई. पुढे किरण एकत्र आणणारे आणि मागे ते किंचित फाकवणारे भिंग बसवले, तर नळी केंद्रांतराहून आखूड करता येते, हे त्यांनी दाखवले. टेलिफोटो म्हणतात ती खरी हीच रचना. पुढे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी झाईस कारखान्याने १८० मिलिमीटर, एफ २.८ चे भिंग केले. ते ऑलिंपिया सोनार या नावाने ओळखले गेले. लांबी आणि रुंदी एकत्र नांदू लागली ती अशी.

पण हा संसार महागाचा आहे. रुंदी दुप्पट केली की काच चौपटीहून अधिक लागते, कारण भिंग पसरट करताना जाडही करावे लागते. शिवाय काठावरून येणारे किरण मधल्या किरणांशी एका बिंदूत मिळत नाहीत. आणि लाल व निळा प्रकाश काचेत सारखा वळत नसल्यामुळे कडांना रंगीत झालर येते. केंद्रांतर वाढेल तशी ही झालर मोठी दिसते. ती घालवण्यासाठी फ्ल्युओराइटचे स्फटिक प्रयोगशाळेत वाढवावे लागले. कॅनन कंपनीने १९६९ साली असे भिंग छायाचित्रकारांच्या हाती दिले. याच कंपनीचे ४०० मिलिमीटर, एफ २.८ चे १९९१ मधले भिंग सुमारे ६ किलो भरे. तेवढ्याच केंद्रांतराचे एफ ५.६ चे भिंग अवघे सव्वा किलो. २०१८ साली पहिल्याचे वजन २ किलो ८४० ग्रॅमवर आले, हे खरे. किंमत मात्र वजनाबरोबर उतरली नाही. आज अशा भिंगाला दहा लाखांहून अधिक पडतात, तर अरुंद तोंडाचे १५० ते ६०० मिलिमीटरचे भिंग लाखाच्या आसपास मिळते.

पैसे आणि वजन या उघड किमती झाल्या. तिसरी किंमत गुप्त आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष विशेष वेधावयाचे आहे. तोंड जितके रुंद तितकी चित्रातील स्पष्टतेची खोली कमी. १० मीटरवरच्या पक्ष्यावर ४०० मिलिमीटरचे भिंग एफ २.८ वर रोखले तर पुढेमागे मिळून जेमतेम १० सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत, एवढाच पट्टा स्पष्ट उमटतो. पक्ष्याचा डोळा स्पष्ट आणि शेपूट पुसट, असे सहज होते. आता आमच्या सांगलीचे उदाहरण घ्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जेथे 'सीता स्वयंवर' उभे केले त्या या गावाला नाटकाचे वेड आहे. प्रयोगात फ्लॅशचा लखलखाट करणे म्हणजे रसभंग. तेव्हा रंगमंचावरील दिव्यांवरच भागवावे लागते आणि रुंद भिंगाची आठवण होते. पण १० मीटरवरून २०० मिलिमीटरचे भिंग एफ २.८ वर लावले तर स्पष्ट पट्टा सुमारे ४२ सेंटिमीटरचा. नायक पुढे आणि नायिका त्याच्या मागे हातभर अंतरावर असली की दोघांपैकी एकालाच निवडावे लागते! संवाद दोघांचा, चित्र एकाचे.

पुष्कळांना मात्र हा दोष गुणच वाटतो. मागचे सारे विरघळून जाते आणि विषय तेवढा उठून दिसतो, याच मोहाने बहुतेक जण या भिंगाकडे वळतात. विषयावरून नजर न ढळू देणे हे कलेचे एक साधन आहेच. पण त्या विरघळण्यात काय काय वाहून जाते ते पाहण्यासाठी सागरेश्वरला जाऊ.

सांगली जिल्ह्यात कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या सीमेवर हे जेमतेम ११ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. ते निसर्गाने आयते दिलेले नव्हे. ओसाड पडलेल्या या डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावली गेली, कुंपण घातले गेले, सांबर-चितळ आणून सोडले गेले, आणि १९८५ साली अभयारण्य झाले. वर उभे राहिले की एका बाजूस माणसाने वाढवलेले रान आणि खाली कृष्णाकाठचा ऊस, असे सगळे एका नजरेत येते. तेथील चितळाचे एफ २.८ वर घेतलेले चित्र डोळ्यांचे पारणे फेडील. पण मागे नुसता हिरवट धुरळा असेल. ते चितळ सागरेश्वरचे की ताडोब्याचे की कोठल्या प्राणिसंग्रहालयातले, हे चित्र सांगणार नाही. सागरेश्वरच्या चितळात खरोखर पाहण्यासारखे काय आहे? चितळ तर कोठेही आहे. उजाड डोंगरावर पुन्हा झाड उभे राहिले आणि त्याखाली ते चरते आहे, हे नवल आहे. ते दाखवावयाचे तर तोंड लहान करावे लागते, पुष्कळदा भिंगही आखूड घ्यावे लागते. म्हणजे दहा लाखांचे भिंग पिशवीत ठेवूनच ते चित्र मिळते.

अलीकडे तर मोबाइल फोनही हिशेब करून पार्श्वभूमी पुसट करतो. तेव्हा पुसट पार्श्वभूमी ही आता श्रीमंतीची खूणही उरली नाही.

आणखी एक गोष्ट या भिंगाला साधत नाही. मायणीचा तलाव रोहित पक्ष्यांसाठी नावाजला. अशा पाण्यावर दूर उभा असलेला थवा टिपताना मधली तापलेली हवा थरथरते, आणि सगळ्या आकृती वितळल्यासारख्या दिसतात. काच कितीही मोठी असो, हवेचा दोष ती काढू शकत नाही. तेथे पहाटे लवकर जाऊन बसणे हाच उपाय, आणि तो फुकट आहे.

मात्र लांब भिंगाच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगितलीच पाहिजे: ते आपल्याला दूर उभे राहू देते. आखूड भिंगवाला चित्रासाठी पुढे सरकतो. घरट्याजवळ जातो, मादी उडून जाते, अंडी उघडी पडतात. कासवर तो पायवाट सोडतो आणि सीतेच्या आसवांवर पाय देऊन गेंदाचा फोटो काढतो. २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या त्या पठारावरची माती वीतभरही खोल नाही. तिच्यावर उमटलेले पाऊल लवकर बुजत नाही. पण नीट ऐका: हे पुण्य लांबीचे आहे, रुंदीचे नाही. लाखाचे भिंगही तितकेच दूर उभे राहू देते.

तर हिशेब असा उतरतो. ज्याचे पोट या धंद्यावर आहे, ज्याला कुंडलच्या मैदानात दिवस मावळताना कुस्तीचा निकाली डाव टिपावाच लागतो किंवा रानात संधिप्रकाशातच काम करावे लागते, त्याने रुंद भिंग घ्यावे. ते त्याला वेळ विकत देईल. इतरांनी आधी अरुंद भिंगाने एक पूर्ण वर्ष काम करावे. वर्षअखेर आपली फसलेली चित्रे पुढे मांडावी. त्यांतली निम्म्याहून अधिक अंधारामुळे फसली असतील तर भाड्याने आणून रुंद भिंग वापरून पाहावे, मग विकत घेण्याचा विचार करावा. ती उशिरा पोचल्यामुळे, घाई केल्यामुळे, प्राण्याची सवय ठाऊक नसल्यामुळे फसली असतील, तर त्यावर कोणत्याही कारखान्यात काच तयार होत नाही.

कासवरच्या त्या तरुणाला पुन्हा कोणी भेटलात, तर "किती लांबचे दिसते" असे विचारू नका. "यात मागचा डोंगर दिसतो का?" असे विचारा. तो हसायचा थांबेल आणि कदाचित तिपाईवरचे भिंग बदलील.