हजार जणांचा प्रश्न, अख्ख्या देशाची शोभा

२३ जून २०१६ च्या गुरुवारी ब्रिटनने युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे यावर सार्वमत घेतले आणि शुक्रवारी सकाळी निकाल लागला. ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला होता. पौंड गडगडला, पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी राजीनाम्याची घोषणा केली आणि या धामधुमीत गुगलच्या ट्रेंड्स विभागाने ट्विटरवर पाच ओळींची एक यादी टाकली. निकाल लागल्यापासून ब्रिटनमधले लोक युरोपीय संघाविषयी गुगलला काय विचारत आहेत, याची ती यादी होती. संघातून बाहेर पडणे म्हणजे काय, हा पहिला प्रश्न. युरोपीय संघ म्हणजे काय, हा दुसरा. संघात कोणकोणते देश आहेत, हा तिसरा. झाले! 'वॉशिंग्टन पोस्ट'सारख्या मातब्बर वर्तमानपत्रापासून छोट्यामोठ्या संकेतस्थळांपर्यंत सगळ्यांच्या बातमीचा सूर एकच होता : हे लोक आधी मत देऊन आले आणि आता विचारताहेत की आपण नेमके कशातून बाहेर पडलो. त्या आठवड्यात ब्रिटिश मतदाराची जगभर शोभा झाली. ब्रेक्झिटचा विषय निघाला की आजही कोणीतरी हा किस्सा पुराव्यासारखा पुढे करतो.

हा पुरावा नव्हे, असे माझे म्हणणे आहे. आणि ते एकट्या ब्रिटनपुरते नाही. 'या आठवड्यात लोकांनी सर्वाधिक काय शोधले' अशा ज्या याद्या आपण चवीने वाचतो, त्यांतून एखाद्या समाजाची अक्कल, काळजी किंवा चारित्र्य मोजण्याची जी सवय लागली आहे, ती सवयच चुकीच्या पायावर उभी आहे. ब्रिटनचे उदाहरण घ्यायचे ते एवढ्यासाठी की तिथे हिशेब मांडून पाहता येतो.

यादीत प्रत्येक प्रश्नाचा क्रमांक होता, तो विचारणारी माणसे किती हे नव्हते. जाहिरातदारांना कोणत्या शब्दावर किती शोध होतात हे कळावे म्हणून गुगलचे वेगळे साधन आहे. त्यावरून काही दिवसांतच एक अंदाज पुढे आला. मे २०१६ या महिन्यात 'युरोपीय संघ म्हणजे काय' हा प्रश्न सुमारे ८,१०० वेळा टंकला गेला होता, म्हणजे दिवसाला २६० च्या आसपास. निकालानंतर तो तिप्पट-चौपट झाला असे धरले तरी आकडा दिवसाला हजाराच्या आसपासच राहतो. मतदान केले होते ३ कोटी ३६ लाख लोकांनी. म्हणजे ते सगळे हजार जण मतदार होते असे मानले, तरी सुमारे ३३ हजार मतदारांमागे एकाने हा प्रश्न विचारला. एवढ्यावर देशाला अडाणी ठरवायचे, तर जगातला कोणता देश शहाणा उरेल?

आणि ते सगळे मतदार होते हे तरी कोणी पाहिले? नोंदणी झालेल्या ४ कोटी ६५ लाख मतदारांपैकी जवळपास १ कोटी २९ लाख लोक मतदानाला गेलेच नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलांना मत नव्हते, पण त्यांच्याकडे फोन होते आणि त्या दिवशी शाळेत बहुधा हाच विषय असणार. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या नागरिकांना मत होते, पण संघातल्या बाकीच्या देशांच्या नागरिकांना नव्हते. याची एक गंमतशीर बाजू आपल्या वाचकांना माहीत नसेल : राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना मत असल्यामुळे, भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये रीतसर राहणारा मराठी माणूस या सार्वमतात मतदान करू शकत होता, आणि तिथेच वीस वर्षे संसार केलेला फ्रेंच माणूस करू शकत नव्हता. यांपैकी कोणीही तो प्रश्न टंकला असेल. शिवाय बातमी पसरल्यावर केवळ ती बातमी खरी आहे का हे बघायला किती जणांनी तेच शब्द टाकले असतील, त्याची मोजदाद कुठेच नाही.

यादी मुळात तयार कशी होते, हे एकदा नीट समजून घेतले की अर्धा गोंधळ मिटतो. गुगल ट्रेंड्स शोधांची एकूण संख्या दाखवत नाही. एकूण शोधांचा एक नमुना घेतला जातो, त्यात ठरावीक भागात आणि ठरावीक काळात झालेल्या सगळ्या शोधांपैकी एखाद्या शब्दाचा हिस्सा काढला जातो आणि तो हिस्सा ज्या क्षणी सर्वाधिक असेल त्या क्षणाला १०० गुण देऊन बाकीचे गुण त्या प्रमाणात बसवले जातात. त्यामुळे शंभर गुण हजार माणसांचेही असू शकतात आणि कोटीभर माणसांचेही. त्यातही 'वाढता शोध' म्हणून जे दाखवतात त्यात फक्त उडी मोजली जाते. कालपर्यंत दोनशे जण विचारत होते आणि आज हजार जण विचारू लागले, तर ती ४०० टक्के वाढ. कालपर्यंत दहा लाख विचारत होते आणि आज पंधरा लाख, तर ती फक्त ५० टक्के. मथळा मिळतो पहिल्याला. वाढ ५,००० टक्क्यांच्या वर गेली की गुगल टक्केवारी लिहायचेच सोडून देते आणि 'ब्रेकआउट' असा शिक्का मारते. हे सगळे गुगलने लपवलेले नाही, मदतीच्या पानावर लिहून ठेवले आहे. पण बातमी लिहिणारा त्या पानापर्यंत जात नाही, आणि वाचणारा तर नाहीच नाही. दरवर्षी डिसेंबरमध्ये 'भारतीयांनी वर्षभरात सर्वाधिक काय शोधले' म्हणून जी यादी छापून येते, तीही आदल्या वर्षाच्या तुलनेत कशाने उसळी घेतली याची असते. 'सर्वाधिक' हा शब्द तिथे चुकीचा आहे.

खरोखरच नुसत्या संख्येवर यादी करायची ठरवली, तर ती कोणी छापणार नाही. फेसबुक, यूट्यूब, हवामान, जीमेल अशी नावे वर्षानुवर्षे तीच राहतील, कारण असंख्य लोक पत्ता टंकण्याऐवजी नावच शोधतात. २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयात गुगलच्या वकिलांनी सांगितले होते की मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रावर सर्वाधिक शोधला जाणारा शब्द 'गुगल' हा आहे. कोट्यवधी लोक रोज खरोखर काय शोधतात याचे एवढे नेमके चित्र दुसरे नाही, आणि त्यातून समाजाविषयी कळते शून्य.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. अमेरिकी अभ्यासक सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात तो विस्ताराने मांडला आहे. पाहणी करणाऱ्यासमोर माणूस सोज्वळ उत्तरे देतो, पण गुगलच्या चौकटीत, एकटा असताना, तो खरे ते विचारतो. मग वंशद्वेष असो, आजार असो की अंथरुणातल्या तक्रारी. म्हणून शोधांची माहिती ही पाहणीपेक्षा प्रामाणिक आहे, असे त्यांचे म्हणणे. यातला पहिला भाग मला पटतो. माणूस गुगलपुढे लाजत नाही हे खरे. पण त्याने काय टंकले हे प्रामाणिक असले, तरी का टंकले हे त्यात नसते. कर्करोगाची लक्षणे शोधणारा रुग्ण असेल, त्याची मुलगी असेल, वैद्यकीचा विद्यार्थी असेल किंवा रात्रीची मालिका पाहून घाबरलेला धडधाकट माणूस असेल. चारही जण प्रामाणिक, आणि चौघांना एका खान्यात टाकून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा.

हे नुसते तर्कट नाही, याची परीक्षा झालेली आहे आणि ती खुद्द गुगलनेच दिली. २००८ मध्ये कंपनीने 'फ्लू ट्रेंड्स' सुरू केले. लोक तापा-सर्दीविषयी काय शोधतात यावरून अमेरिकेत फ्लूची साथ कुठे किती आहे हे सरकारी आकड्यांच्या एक-दोन आठवडे आधी सांगायचे, अशी ती कल्पना. पाच कोटी शोधशब्द चाळून त्यातले ४५ निवडले होते आणि २००९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर निबंधही आला. त्याच वर्षी स्वाइन फ्लूची पहिली लाट आली ती अवेळी, आणि यंत्राला ती नीट दिसलीच नाही. पुढे २०१२-१३ च्या हिवाळ्यात उलटे झाले : फ्लूसाठी डॉक्टरकडे जाणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये डेव्हिड लेझर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे या यंत्राने साथ फुगवून सांगितली होती. कारणांचा शोध घेताना लक्षात आले की शब्दांच्या गर्दीत निव्वळ हिवाळ्याशी जुळणारे शब्दही फ्लूशी जुळल्यासारखे दिसत होते. शालेय बास्केटबॉलचा हंगाम त्यांपैकीच एक. शिवाय गुगल स्वतःच लोकांना सूचना देऊन काही शोध वाढवत होते. २०१५ मध्ये हा प्रकल्प लोकांसाठी बंद झाला. जगातली सर्वाधिक शोधांची माहिती ज्यांच्या हातात आहे, त्यांना एक ताप मोजता आला नाही. तिथे पाच ओळींच्या ट्वीटवरून एका राष्ट्राची बुद्धी मोजायला आपण निघालो होतो.

आपल्याकडचीही उदाहरणे आहेत, आणि ती त्याच २०१६ सालातली. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्यावर 'काळा पैसा पांढरा कसा करावा' हा शोध एकदम वर गेला आणि राज्यांच्या क्रमवारीत गुजरात पहिला, अशी बातमी झाली. लोकांना विनोद मिळाला. पण राज्यांची ती क्रमवारीही माणसे मोजून लावत नाहीत. त्या राज्यातल्या एकूण शोधांत या शोधाचा हिस्सा किती, यावर ती लागते. बातमीदार, कर सल्लागार आणि विनोद ऐकून उत्सुकतेने शब्द टाकणारे, सगळे त्यातच. त्याआधी ऑगस्टमध्ये पी. व्ही. सिंधूने रिओ ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकले तेव्हा तिची जात शोधली जात असल्याची बातमी आली आणि देशभर खंत व्यक्त झाली. ही बातमी मला अधिक अस्वस्थ करते हे कबूल, कारण असे शोध झाले यात शंका नाही. तरीही जात आपल्या मनातून गेलेली नाही हे कळायला गुगलची गरज कशाला? लग्नाच्या जाहिराती रविवारच्या रविवारी तेच सांगतात, तेही चौकोनात, मथळ्यासकट.

उलट दिशेचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या आणि साथीच्या वर्षात, भारताच्या वार्षिक यादीत पहिला क्रमांक आयपीएलचा लागला आणि करोना दुसरा. भारतीयांना मरणापेक्षा क्रिकेट महत्त्वाचे, असा अर्थ यातून काढणारे निघालेच. पण करोनाची माहिती दूरदर्शनवर होती, वर्तमानपत्रात होती, फोन लावला की खोकल्याच्या आवाजासह कानात होती. न शोधता मिळत होती. आणि जे शोधावे लागत होते ते ई-पास, श्रमिक रेल्वे, खाट, चाचणी अशा वेगवेगळ्या नावांत विखुरले होते. सामन्याचा धावफलक मात्र एकाच नावाखाली शोधला जातो, आणि तो दर षटकाला बदलतो. ज्याची काळजी असते तेच माणूस शोधतो असे नाही. जे दुसरीकडे पटकन मिळत नाही ते शोधतो.

मग या याद्या निरुपयोगीच का? तसे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा आळस होईल. प्रश्न कधी पडला, हे या याद्या फार चांगले सांगतात. ब्रिटनच्या त्याच आठवड्यात आयरिश पासपोर्ट कसा मिळवावा या शोधानेही उसळी घेतली होती. त्यावर हसण्यासारखे काही नव्हते म्हणून त्याची चर्चा कमी झाली. पण त्याच दिवसांत उत्तर आयर्लंडमधल्या टपाल कार्यालयांत पासपोर्टचे अर्ज संपले, आणि सोमवारी आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री चार्ली फ्लॅनगन यांना लोकांना सांगावे लागले की घाई करू नका, तुमचे हक्क लगेच जात नाहीत. इथे शोधामागे हालचाल होती, आणि ती गुगलच्या बाहेर, टपालाच्या खिडकीवर दिसत होती. शोधाला अशी दुसरी साक्ष मिळते तेव्हा तो बातमी होतो. 'युरोपीय संघ म्हणजे काय' या प्रश्नाला तशी साक्ष कोणी शोधलीच नाही, कारण मथळा आधीच जमून आला होता.

तेव्हा पुढच्या वेळी अमुक देशाने, अमुक राज्याने, अमुक पिढीने 'सर्वाधिक' काय शोधले अशी बातमी हाती आली, तर एक काम करा. गुगल ट्रेंड्स उघडून त्या शब्दाशेजारी 'हवामान' किंवा 'आयपीएल' असा रोजचा एखादा शब्द टाका आणि दोन्ही रेघा एकाच आलेखात पाहा. एकटी असताना आभाळाला भिडणारी रेघ बहुतेक वेळा तळाशी सपाट पडलेली दिसेल. ही सोय २००६ पासून सर्वांना खुली आहे, फुकट आहे, आणि बातमी देणाऱ्यालाही ती उपलब्ध होती.