धूर दिसला म्हणजे आग लागलीच का? : तर्कदोष आणि आपला एक फॉरवर्ड

आजचा एपिसोड पूर्णेतल्या घरूनच रेकॉर्ड केलाय. मध्येच जंक्शनवरून गाडीची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.

विषय आहे तर्कदोष. युक्तिवाद ऐकायला पटतो, पण दिलेल्या कारणातून तो निष्कर्ष निघतच नाही, त्याला तर्कदोष म्हणायचं. आपल्या न्यायदर्शनात यासाठी सुंदर शब्द आहे, हेत्वाभास. हेतू म्हणजे कारण. ते नसताना असल्याचा नुसता भास.

आधी माझी कबुली. जून २०१८. मी बीटेकला होतो, सुट्टीत घरी आलो होतो. फॅमिली ग्रुपवर मेसेज आला: मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा. मी लगेच तीन ग्रुपवर पुढे ढकलला. आईने विचारलं, "खरं असंल का रे?" मी म्हणालो, "खोटं निघालं तरी सावध राहण्यात काय वाईट?"

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. बाहेरून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. भिक्षा मागून जगणारी माणसं. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ठेचून मारलं. पाचही जण गेले.

माझा मेसेज तिथे पोचला असेल असं मी म्हणत नाही. पण तसलेच हजारो मेसेज तेव्हा फिरत होते आणि त्यातला एक माझा होता.

आता त्यातले तर्कदोष बघू.

पहिला, घाईचं सामान्यीकरण. 'अनोळखी माणसं मुलं पळवतात, हे अनोळखी आहेत, म्हणून हेच ते.' आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. ती बरोबर का ठरते? कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसं तशी नसतात. वर्गातल्या एकाला कोर्स करून पुण्यात नोकरी लागली, म्हणून तोच कोर्स करायला निघालात, तर विचारा: न लागलेले किती? ते स्टेटस ठेवत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

दुसरा, 'एवढे लोक म्हणतायत म्हणजे काहीतरी असेलच.' आगीशिवाय धूर निघत नाही, हे खरं. पण नैयायिकांचा पहिला प्रश्न असतो की तो धूरच आहे का? लांबून धुकंही तसंच दिसतं. आणि दहा ग्रुपवर आलेला एकच मेसेज म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. एकाच्याच तोंडचं वाक्य दहादा ऐकलं, एवढंच.

तिसरा, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आमच्या कामात हा रोज भेटतो. कोडमध्ये बदल केला आणि बग गेला, म्हणजे त्या बदलानेच गेला का? आम्ही तो बदल काढून बघतो. बग परत आला तर आपला अंदाज बराच पक्का. नाही आला, तर कावळा उगीच बदनाम.

चौथा माझा स्वतःचा: 'सावध राहण्यात काय वाईट?' यात मी हिशोबाची एकच बाजू मांडली होती. मेसेज खरा असेल तर फायदा आमचा. खोटा असेल तर किंमत कोण मोजणार? रस्त्यावरचा अनोळखी माणूस. तो आमच्या ग्रुपमध्ये नव्हता, म्हणून माझ्या हिशोबातही नव्हता.

राईनपाड्याच्या त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. त्याने मेसेजचा वेग कमी होतो. पण मेसेज खरा की खोटा, हे अ‍ॅप ठरवत नाही. ते काम आपलंच.

म्हणून फॉरवर्ड करण्याआधी, कोर्सची फी भरण्याआधी, शेअरच्या टिपवर पैसे लावण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे सांगणाऱ्याला कसं कळलं? उलटं खरं असतं तर मला काय दिसलं असतं? आणि मी चुकलो तर किंमत कोण मोजेल?

तिसरा प्रश्न विसरू नका. पहिले दोन मी कॉलेजात शिकलो. तिसरा शिकायला मला राईनपाड्याची बातमी वाचावी लागली.

आई आजही मेसेज दाखवून विचारते, "खरं असंल का रे?" आता मी म्हणतो, "माहीत नाही, बघून सांगतो." भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!