बीडच्या पोरांनो, तटरक्षक दलाचंही बघा!
गेवराई, आष्टी, पाटोदा... भल्या पहाटे पोरं पोलीस नाहीतर आर्मी भरतीसाठी धावताना दिसतात. तटरक्षक दलाचं नाव मात्र क्वचितच निघतं, याची खंत वाटते. १ फेब्रुवारी १९७७ला सुरू झालेलं हे दल किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत पहारा देतं. तस्करी रोखणं, तेलगळती आवरणं आहेच. पण खवळलेल्या समुद्रात बुडत्या बोटीवर हेलिकॉप्टर स्थिर धरून मच्छीमारांना एकेक करून दोराने वर ओढायचं, याला काळीज लागतं! दल उभारायची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष के. एफ. रुस्तमजी आपल्या महाराष्ट्रातल्या कामठीचे. बारावीला गणित-भौतिकशास्त्र असेल तर नाविक (जनरल ड्युटी) भरतीची जाहिरात बघत राहा. आणि पोहायला आत्ताच शिका.