मावशीची शिफ्ट

जुळी झाली की पेढे दुप्पट वाटले जातात. पण ही दोन चिमुकली जगवायला घरातल्या किती जणांचे हात लागतात, हे मला एका वॉर्डातल्या खुर्चीत बसून कळलं.

"मोबाइल बाहेर ठेव, हात कोपरापर्यंत धू आणि पुढून उघडणारा शर्ट घालून ये," सिस्टरनी फर्मावलं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एफवायची परीक्षा नुकतीच संपली होती. बाबांचा चौकडीचा शर्ट घालून मी खुर्चीत मागे रेलून बसले आणि सिस्टरनी माझ्या छातीवर एक बाळ उभं ठेवलं. वजन १ किलो ३९० ग्रॅम. डोक्याला टोपी, पायांत मोजे, एक लंगोट, बाकी अंग उघडं. वरून दुपट्याने आम्हा दोघींना बांधून टाकलं. माझ्या सॅकमधली पाण्याची भरलेली बाटली याहून जड असायची! मी श्वाससुद्धा जपून घेत होते. "अगं, नीट श्वास घे, काही होत नाही तिला," सिस्टर हसल्या.

समोरच्या खाटेवर ताई होती. तिच्या छातीवर दुसरी, १ किलो ४६०. बाळं दोन आणि आई एक, म्हणून घरच्यांच्या पाळ्या लागल्या. सकाळी आई, दुपारी दोन ते सहा मी, संध्याकाळी मानकोलीच्या गोदामातली ड्युटी संपवून भाऊजी. भिवंडीत लूमवर पाळ्या असतात, गोदामात पाळ्या असतात. आमच्या घरात त्या वर्षी बाळ सांभाळायच्याही पाळ्या होत्या.

तेवीस दिवसांनी दोघी घरी आल्या. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंचीही जुळीच होती. त्या घरी गेल्या, तेव्हा कडेवर एकच बाळ होतं. त्यांची मदतीला आलेली नणंद माझ्याच वयाची होती. ती निरोप घेताना काहीच बोलली नाही आणि मलाही काही सुचलं नाही. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. जुळी बाळं जातात, ती नशिबाने की आपल्या तयारीअभावी?

पाचातलं एक

जगात आज दर ४२ बाळांमागे एक बाळ जुळं असतं. वर्षाला साधारण १६ लाख जोड्या जन्माला येतात आणि त्यातल्या जवळपास ८० टक्के आशिया आणि आफ्रिकेत. आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या ३० देशांची आकडेवारी क्रिस्तियान मोंडेन आणि येरून स्मिट्स या संशोधकांनी २०१७ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये मांडली. २००९ ते २०१४ या काळात तिथे दर हजार जुळ्या बाळांपैकी २१३ बाळं पाच वर्षांची होण्याआधीच गेली. म्हणजे पाचातलं एक. एकेकटी जन्मलेली बाळं घेतली तर हाच आकडा हजारी सुमारे ६४ होता. दोन्ही आकडे आधीपेक्षा कमी झालेत, पण जुळ्यांचा जास्त हळू.

श्रीमंत देशांतही जुळी लवकर आणि लहान जन्मतात. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधीच येतात. लवकर आलेल्या बाळाच्या अंगात चरबी नसते, त्यामुळे ते पटकन गार पडतं. चोखायची ताकद नसते, फुप्फुसं कच्ची असतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. तिकडे अशा बाळासाठी उबदार पेटी, नळीने दूध आणि पाहायला माणूस असं सगळं तयार असतं. गरिबाघरच्या बाळाला यातलं एखादं मिळायलाही उशीर होतो.

सातव्या महिन्याचं माहेरपण

आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मुलगी सातव्या महिन्यात माहेरी येते. भिवंडीत लूमवर काम करणाऱ्या कितीतरी घरांतल्या बायका तर कल्याणहून गाडी पकडून थेट उत्तर प्रदेशातल्या गावी जातात. एकाच बाळाचं ठीक आहे हो. पण जुळ्यांचा भरवसा सुटायला लागतो तो नेमका याच दिवसांत! जिथे नाव नोंदवलंय, ज्या डॉक्टरांना सगळं माहीत आहे, ती जागा सोडून बाई प्रवासात असते.

ताईचं सासर वाड्याला. चौथ्या महिन्यातच सोनोग्राफीत जुळी कळली होती. तेव्हाच डॉक्टरांनी सांगून ठेवलं, बाळंतपण जिथे लहान बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे तिथेच करा. म्हणून ती पाचव्यातच फाइल घेऊन आमच्याकडे आली. तेहतिसाव्या आठवड्यात रात्री कळा सुरू झाल्या, १०८ बोलावली, आणि कशेळीला ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो. आईच्या तोंडून रामरक्षा आणि ड्रायव्हरदादांच्या तोंडून शिव्या, दोन्ही एकाच वेळी चालू होतं. पण आम्ही ठाण्याला पोहोचलो तेव्हा बाळं पोटातच होती. तिथले डॉक्टर म्हणाले, "हे बरं केलंत. बाळाला न्यायला आईच्या पोटाइतकी चांगली ॲम्ब्युलन्स नाही."

सगळ्यांना ती मिळत नाही. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याने पुढे गेलं की मोखाडा तालुका येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या एका पाड्यावर सातव्या महिन्यातच, घरीच जुळी जन्मली आणि दोन्ही दगावली. रक्तस्राव होत असलेल्या आईला नातेवाइकांनी झोळी करून सुमारे तीन किलोमीटर चिखलातून नेलं, कारण पाड्यापर्यंत रस्ताच नव्हता. मुंबईपासून हे अंतर काही फार नाही.

छातीची ऊब

मी जे करत होते त्याला 'कांगारू केअर' म्हणतात. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी ते सुरू केलं. कारण अगदी आपल्यासारखंच: बाळं जास्त, पेट्या कमी. मग त्यांनी बाळ आईच्याच छातीवर ठेवलं. सुरुवातीला याकडे गरिबांची तडजोड म्हणून पाहिलं गेलं. पण २०२१ मध्ये पाच देशांतल्या अभ्यासाचा निष्कर्ष आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एक किलो ते १,८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना जन्मताच छातीशी धरलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाचे आठ ते चोवीस तास असं धरा.

आठ तास, तेही दोन बाळांना. एकट्या आईने कधी करायचं हे? तिला टाके असतात, दूध काढायचं असतं, झोपायचंही असतं. म्हणून दुसरी छाती लागते. ती बाबाची चालते, आजीची चालते आणि एकोणीस वर्षांच्या, मोबाइलशिवाय दहा मिनिटंही न बसणाऱ्या मावशीचीही चालते.

दुधाची काळजी ताईलाही होती, "दोघींना पुरेल का गं?" जितकं काढाल तितकं येतं, हे सिस्टरनी तिला पटवलं. आणि काही दिवस नाहीच आलं, तर दूध पेढी असते. आशियातली पहिली दूध पेढी मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली.

घरी आल्यावरही

घरी आल्यावर आमच्याकडे आशाताई यायच्या. वजनकाटा लावायच्या, पोटाला आणि तळपायाला हात लावून बाळ गार आहे का बघायच्या. हे बाळाच्या घरी जाणं गडचिरोलीतून आलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. २०११ पासून देशभरच्या आशाताई हेच काम करतात. आपण मात्र त्या आल्या की 'चहा घ्या' म्हणतो आणि टीव्ही बघत बसतो.

माझ्या दोन्ही भाच्या आता बालवाडीत जातात आणि एकाच पेन्सिलवरून भांडतात. शेजारच्या खाटेवरच्या घरी काय कमी पडलं, मी सांगू शकत नाही. पण आमच्याकडे काय होतं ते सांगू शकते: वेळेवरची सोनोग्राफी, जागेची आधीच केलेली निवड, दूध, घरी येणाऱ्या आशाताई आणि पाळ्या लावलेली माणसं. यातली शेवटची गोष्ट आपल्या हातात आहे.

त्यामुळे मैत्रिणीच्या घरी, शेजारी जुळी आली तर पेढे मागाच. पण आधी विचारा, "माझी शिफ्ट कधी?"

हे लक्षात ठेवा

• पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करा. जुळ्यांची वार एकच आहे की दोन, हे तेव्हाच नीट कळतं. एकच असेल तर जास्त वेळा तपासणी लागते.

• बाळंतपण कुठे करायचं ते सहाव्या महिन्याआधी ठरवा. माहेरी जाणार असाल तर फाइल सोबत न्या आणि तिथे नाव नोंदवा.

• सरकारी रुग्णालयात गरोदर बाई आणि नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत असते.

• बाळ गार लागतंय, दूध ओढत नाही, मलूल पडलंय किंवा भरभर श्वास घेतंय? सकाळची वाट बघू नका.